दोन सिलिंडरांची फटफटी आणि मंद गती

ज्याने पंधरा-वीस वर्षे शंभर-सव्वाशे सी. सी. ची, एका सिलिंडरची गाडी चालविली आहे, अशा माणसाच्या हाती प्रथमच मोठी व्ही-ट्विन मोटारसायकल द्यावी. मोकळ्या रस्त्यावर तो दहा मिनिटांत रुळतो. चौकात, गर्दीत, पेट्रोलपंपाच्या वळणावर मात्र गाडी झटके देते, बंद पडते आणि प्रसंगी आडवी होते. बघणारे म्हणतात, याला गाडी येत नाही. हळूहळू त्यालाही तसेच वाटू लागते. माझे म्हणणे असे की, हा प्रश्न हाताच्या कसबाचा नंतर. आधी तो गिअरच्या हिशेबाचा आहे, आणि हा हिशेब शाळेतल्या गुणाकार-भागाकारापलीकडचा नाही.

प्रथम एंजिन पाहू. व्ही-ट्विन म्हणजे इंग्रजी व्ही अक्षराप्रमाणे एकमेकांशी कोन करून बसविलेले दोन सिलिंडर. हार्ले-डेव्हिडसनच्या प्रसिद्ध एंजिनात हा कोन ४५ अंशांचा असून दोन्ही दट्टे एकाच क्रँकपिनला जोडलेले असतात. त्यामुळे दोन स्फोटांमधील अंतर सारखे राहत नाही. एकदा ३१५ अंश, तर दुसऱ्यांदा ४०५ अंश. तिचा तो लंगडत चालल्यासारखा आवाज येतो तो यामुळेच. फेरे भरपूर असले म्हणजे हा लंगडेपणा जाणवत नाही. फेरे कमी झाले की प्रत्येक स्फोट हातोड्याच्या घावासारखा साखळीवर किंवा पट्ट्यावर आणि गिअरबॉक्सवर पडतो.

आता हिशेब. मागल्या चाकाचा घेर सोयीसाठी २ मीटर धरू. ताशी १२ किलोमीटर म्हणजे मिनिटाला २०० मीटर, म्हणजेच चाकाचे १०० फेरे. चाकाच्या एका फेऱ्यामागे एंजिनाचे पहिल्या गिअरमध्ये १०, दुसऱ्यात ७ आणि शेवटल्या गिअरमध्ये ४ फेरे होतात असे समजू. मोठ्या गाड्यांत प्रमाण साधारण याच्या आसपास असते. म्हणजे ताशी १२ ला पहिल्या गिअरमध्ये एंजिन मिनिटाला १००० फेरे घेते आणि दुसऱ्यात केवळ ७००. ही गाडी जागेवर नुसती उभी असतानाही एंजिन हजाराच्या आसपास फिरत असते. तेव्हा दुसऱ्या गिअरमध्ये ती गुदमरणार हे उघड आहे. आणि ताशी १२ च्या खाली तर पहिल्या गिअरमध्येसुद्धा क्लच पूर्ण सोडून चालताच येणार नाही. छोट्या गाडीत पहिल्या गिअरचे हे प्रमाण याच्या दुप्पट-तिप्पट असते. म्हणून ती क्लच सोडूनही माणसाच्या चालीने चालते, आणि आपल्याला वाटते की सगळ्याच गाड्या तशा असतात.

त्यातून पेट्रोल वाचविण्यासाठी लवकर वरचा गिअर टाकण्याची आपली जुनी सवय! ताशी ३० ला शेवटला गिअर टाकला तर वरच्याच हिशेबाने एंजिन १००० वर येते. व्ही-ट्विनला खालच्या फेऱ्यांत ताकद चांगली असते, त्यामुळे ती तेवढ्यावरही ओढते. आणि इथेच नवखा फसतो. ओढते म्हणून ओढवावे असे नाही. कमी फेऱ्यांत रेस पिळली की बेअरिंगांवर भार वाढतो, आणि नेमके त्याच वेळी तेलाचा दाब कमी असतो. कमी मजुरीत जादा काम करणारा माणूस मुकाट्याने राबतो, म्हणून त्याला त्रास होत नाही असे थोडेच आहे! गावात ही गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर चालवावी. चार पैशांचे पेट्रोल जास्त जाईल, जाऊ द्यावे.

राहिला प्रश्न ताशी १२ च्या खालचा. तेथे हाफ क्लच हाच उपाय. पहिला गिअर, रेस किंचित पण स्थिर, क्लच अर्धवट, आणि गती आवरायची ती मागच्या ब्रेकने. रेस सोडून गती कमी करू नये. एंजिन मरते आणि तोल जातो. हार्लेचे क्लच तेलात बुडालेले असतात, ते हे घर्षण बरेच सोसतात. डुकाटीच्या जुन्या ९० अंशांच्या गाड्यांत कोरडा क्लच असे. तो लवकर तापतो, तिथे मधूनमधून उसंत द्यावी. वळताना गाडी आत कलू द्यावी, आपले अंग बाहेरच्या बाजूला ठेवावे, आणि नजर जिकडे जायचे तिकडे. पुढच्या चाकाकडे पाहणारा त्या चाकापाशीच पडतो.

एक गोष्ट कधीही करू नये. हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक दाबू नये. आमच्या युनियनमध्ये गॅरेजमधली मुले आहेत. त्यांतल्या एकाने गिऱ्हाइकाची अडीचशे किलोंची गाडी धुऊन आवारात वळवली, एंजिन गचका देऊन बंद पडू लागले तसा घाबरून पुढचा ब्रेक आवळला. गाडी त्याच्या पायावर आली, घोटा मोडला. मालकाने निष्काळजीपणा ठरवून वाकलेल्या लिव्हरचे पैसे पगारातून कापले! ते आम्ही भांडून परत मिळविले. परंतु वर सांगितलेला हिशेब त्या मुलाला कोणी पाच मिनिटे समजावून दिला होता काय? लुना आणि हार्ले यांत फरक फक्त वजनाचा, अशीच त्याची समजूत होती, आणि मालकाचीही तीच.

ही विद्या साध्या माणसाच्या आवाक्यातली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर दिल्लीत लष्कराच्या जुन्या हार्ले गाड्यांना मागे बाकडी जोडून उतारूंची वाहतूक चाले. त्या लष्करी गाडीला तीन गिअर, तेही हाताने टाकायचे, आणि क्लच पायात. तसल्या गाडीवर माणसे भरून चांदणी चौकाच्या गर्दीतून ते चालक रोज पोट भरत. या 'फटफट सेवे'तील मूळची एंजिने पुढे बदलली गेली आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस ती सेवाही बंद झाली.

ज्यांना रोज गर्दीतूनच जायचे आहे त्यांनी, साखळीची गाडी असेल तर, पुढचे स्प्रॉकेट एका दाताने लहान करून घ्यावे. १५ दातांचे १४ केले की सगळेच गिअर सुमारे ७ टक्क्यांनी खाली येतात. मागे तीन दात वाढविण्याएवढाच हा परिणाम, आणि खर्च थोडा. मोकळ्या रस्त्यावर एंजिन तेवढे जास्त फिरेल, हे धरून चालावे. पट्ट्याच्या गाडीत हे काम महाग पडते, तिथे हाफ क्लचचा सरावच बरा. आणि स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालणारा असेल तर दात बदलल्यावर तो खऱ्यापेक्षा जास्त गती दाखवू लागतो, तोही मेकॅनिककडून त्याच वेळी जुळवून घ्यावा.