गिटारसाठी स्पीकरचा डबा घेताना

पूर्वी गायन पार्टीत ढोलकी, पेटी, टाळ आणि बेंजो एवढे असले की भागत असे. आता भोर आणि वेल्हे भागातल्या वाड्यावस्त्यांतही मुले इलेक्ट्रिक गिटार हाती घेऊ लागली आहेत. आम्हाला याचा आनंदच आहे. परंतु जयंती जवळ आली, वर्गणी जमली, कुणाच्या आईने बचत गटातून उचललेले पैसे त्यात पडले, की मुले पुण्याला बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जातात आणि सर्वात मोठा आकडा ज्यावर लिहिला आहे तो डबा घेऊन येतात. पेशाने कारकून असल्यामुळे वर्गणीची वही आमच्याकडे येते. कोणत्या खर्चाने पार्टीचा आवाज सुधारला आणि कोणता पैसा वाया गेला, हे त्या वहीवरून चांगले समजते. म्हणून हे लिहितो आहोत. ज्यांच्या घरी असे एखादे वेड शिरले आहे, त्या आईवडिलांनीही वाचावे.

पहिली गोष्ट ही, की गिटारचा डबा आणि गाण्याचा डबा एक नव्हे. माईक, कीबोर्ड किंवा ऑक्टोपॅड यांच्या डब्याने जसा आवाज आत येतो तसाच तो बाहेर द्यायचा असतो. म्हणून त्यात मोठ्या स्पीकरच्या जोडीला बारीक, उंच आवाजासाठी वेगळा हॉर्न बसवलेला असतो. इलेक्ट्रिक गिटारचे तसे नाही. तिचा स्पीकर हा वाद्याचाच भाग आहे, जसा ढोलकीला खोडाचा पोकळ भाग. गिटारची सर्वात जाड तार मोकळी छेडली तर ८२ हर्ट्झच्या आसपास वाजते, आणि गिटारसाठी बनवलेला १२ इंची स्पीकर साधारण ५ हजार हर्ट्झच्या पुढे हळूहळू गप्प होतो. हे गप्प होणेच गोडव्याचे कारण आहे. तीच गिटार ‘डिस्टॉर्शन’ लावून हॉर्नच्या डब्यातून वाजवा. कानाशी गांधीलमाशी फिरल्यासारखे होते. बेंजोची झणझणीत तार कर्ण्यातूनही ऐकवते, गिटार ऐकवत नाही.

(बेंजोचे मूळ जपानी आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९१२ साली नागोया शहरात मोरिता गोरो यांनी ‘ताईशोगोतो’ नावाचे वाद्य बनवले. तेच आपल्याकडे बुलबुल तरंग झाले आणि वीज लागल्यावर मिरवणुकीतला बेंजो झाले. परके वाद्य आपले करून घेण्यात आपण कधी मागे नव्हतो.)

अपवाद एकच. ज्याच्याकडे नवा प्रोसेसर आहे आणि त्यात डब्याच्या आवाजाची नक्कल करण्याची सोय आहे, त्याने गिटारचा वेगळा डबा घेण्याची गरज नाही. त्याने सरळ माईकच्या यंत्रणेत तार जोडावी. पैसे वाचतात, ओझेही वाचते.

आता तो आकडा. डब्यावर १००० वॅट छापले असेल तर विचारावे, पी.एम.पी.ओ. की आर.एम.एस.? पी.एम.पी.ओ. म्हणजे जाहिरातीचा आकडा, त्यावर पैसे देऊ नयेत. सतत झेपणारा भार आर.एम.एस.मध्ये सांगतात. अ‍ॅम्प्लिफायर ५० वॅटचा असेल तर डबा ७५ ते १०० वॅट आर.एम.एस. झेपणारा हवा, कारण आवाज फाडून वाजवला की अ‍ॅम्प्लिफायर छापलेल्या आकड्यापेक्षा जास्त शक्ती सोडतो. पण ५० चा अ‍ॅम्प्लिफायर टाकून १०० चा घेतल्याने आवाज दुप्पट होईल, ही समजूत काढून टाकावी. वाढ होते फक्त ३ डेसिबलची. कानाला दुप्पट वाटायला शक्ती सुमारे दहापट लागते. उलट स्पीकरच्या कागदावर ‘१ वॅट, १ मीटर’ असे लिहून जो डेसिबलचा आकडा देतात, तो ९७ ऐवजी १०० असला, तर तेवढीच वाढ फुकटात मिळते. दुकानात हा आकडा विचारणारा गिऱ्हाईक क्वचितच भेटतो. आपण विचारावा.

ओहमच्या हिशेबात मात्र चूक चालत नाही. ८ ओहमचे दोन स्पीकर पॅरलल जोडले तर ४ होतात, सिरीजमध्ये जोडले तर १६. चार स्पीकर दोन-दोनच्या सिरीज करून त्या जोड्या पॅरलल केल्या तर पुन्हा ८. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरवर ‘किमान ४ ओहम’ लिहिले असेल आणि तुम्ही उत्साहात दुसरा डबा जोडून २ ओहम केलेत, तर आतले ट्रान्झिस्टर तापून जळतात, तेही नेमके भर कार्यक्रमात. ४ ऐवजी ८ जोडले तर काही बिघडत नाही, आवाज थोडा कमी होतो इतकेच. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर असेल तर आकडा तंतोतंत जुळवावा आणि स्पीकर जोडल्याशिवाय तो कधीही वाजवू नये, नाही तर ट्रान्सफॉर्मर जाण्याचा धोका असतो. सभेसाठी अहुजा वगैरे अ‍ॅम्प्लिफायर वापरतात, त्यांच्यामागे ४, ८, १६ ओहमशेजारी ७० आणि १०० व्होल्टचे स्क्रूही असतात. ते लांबवर टांगलेल्या कर्ण्यांसाठी आहेत, गिटारचा डबा तिथे जोडू नये. शिवाय गिटारची जाळीदार बारीक तार स्पीकरला लावू नये. तिथे जाड दुपदरी वायरच हवी.

डबा पाठीमागून उघडा की बंद? गिटारवाले यावर रात्रभर वाद घालतील. उघड्या डब्याचा आवाज पुढे-मागे दोन्हीकडे जातो, खोली भरल्यासारखी वाटते, पण खर्जाचे सूर थोडे पातळ होतात. बंद डबा आवाज पुढेच फेकतो आणि खर्ज घट्ट ठेवतो. कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडर यांचे अ‍ॅम्प्लिफायर बहुतेक उघड्या पाठीचे. हे गृहस्थ हिशेबनीसाचे शिक्षण घेतलेले. १९३८ साली त्यांनी रेडिओदुरुस्तीचे दुकान काढले आणि पुढे जगाला गिटारी पुरवल्या, पण स्वतः गिटार वाजवायला कधी शिकले नाहीत. (आमच्यासारख्या वहीवाल्यांना केवढा दिलासा!) आमच्या मते विहाराच्या सभागृहात सराव आणि छोटे कार्यक्रम होत असतील तर उघडा डबा बरा, मात्र तो भिंतीला चिकटवू नये, दोन फूट पुढे ओढावा. उघड्या मैदानात, मांडवाखाली वाजवायचे असेल तर बंद डबा. दोन्ही ठिकाणी वाजवणाऱ्यांनी बंदच घ्यावा, कारण मैदानात कमी पडलेला खर्ज कुठून आणणार?

आकाराचा निकाल आमच्याकडे रस्ताच लावतो. २० मार्चला चवदार तळ्यावर जाणारी पार्टी वरंध घाटातून महाडला उतरते. वेल्ह्याकडचे लोक वडापने नसरापूरला येतात. चार स्पीकरचा डबा ३५-४० किलोपर्यंत भरतो, एका स्पीकरचा १५-२० किलोत बसतो. इंग्लंडातल्या मार्शल यांनी १९६५ साली ‘द हू’ या बँडच्या पीट टाउनशेंडसाठी आठ-आठ स्पीकरचे डबे बनवले. ते उचलताना हमालांचे कंबरडे मोडायची वेळ आली, तेव्हा एका डब्याचे चार-चारचे दोन डबे केले. लंडनच्या सपाट रस्त्यावर ही गत, मग आपल्या घाटात काय? आमचा कौल १२ इंची दोन स्पीकरच्या डब्याला, आणि पार्टी लहान असेल तर एकाच स्पीकरला.

डबा गावातला सुतारही करून देऊ शकतो. अट एकच, भुश्याचा बोर्ड नको. भोरच्या पश्चिमेला आणि वेल्ह्याला पाऊस कसा पडतो हे सांगायला नको. भुश्याचा बोर्ड ओल धरतो, फुगतो, स्क्रू सोडतो. १८ मिलिमीटरचे चांगले प्लायवूड घ्यावे, त्यावर आय.एस. ३०३ चा शिक्का पाहावा. परवडत असेल तर आय.एस. ७१०, म्हणजे मरीन प्लाय. सांध्यांना आतून पट्ट्या मारून फेविकॉल भरावा. बंद डब्यातून कुठेही हवा सुटता कामा नये, नाही तर फरफर सुरू होते. बाहेरून रेक्झिन, कोपऱ्यांना लोखंडी टोप्या.

आता सर्वात महत्त्वाचे. गिटारचा जोर ज्या पट्ट्यात असतो, त्याच पट्ट्यात माणसाच्या आवाजातले शब्द असतात. गिटारचा डबा मोठा झाला की पहिला बळी शब्दांचा जातो. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) गावोगाव पोहोचले ते शब्दांमुळे. शब्द ऐकू येत नसतील तर मागच्या रांगेत बसलेल्या आजीने काय ऐकायचे? १२ इंची स्पीकर तिखट सूर सरळ समोर फेकतो. डबा जमिनीवर असला की तो वाजवणाऱ्याच्या पायांवरून निघून जातो, त्याला स्वतःचे ऐकू येत नाही, तो आवाज वाढवतो आणि समोरचे लोक कान झाकतात. डबा खुर्चीवर ठेवा किंवा थोडा मागे कलवा. आवाज आपोआप कमी केला जाईल. कायदाही लक्षात असावा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक बंद. वर्षातले ठरावीक दिवस सरकार रात्री १२ पर्यंत सवलत देते, ते दिवस आधी विचारून घ्यावेत.

दुकानात जाताना आपली गिटार, आपला अ‍ॅम्प्लिफायर आणि एक गाणारा माणूस बरोबर न्यावा. गिटार वाजत असताना त्याला गायला सांगावे आणि दहा पावले लांब उभे राहून ऐकावे. दुकानदार वैतागला तर शेजारी दुसरे दुकान आहे. पावती मंडळाच्या नावाने घ्यावी. घरी आणल्यावर पावसाळ्यात डबा फरशीवर ठेवू नये, खाली दोन फळ्या द्याव्यात आणि वर प्लॅस्टिकऐवजी जुनी गोधडी टाकावी. प्लॅस्टिकखाली ओल कोंडते आणि स्पीकरच्या कागदाला बुरशी धरते.