खारबंदिस्तीची खांड आणि शासनाचे अनुदान

उरण हा पूर्वी पनवेल तालुक्याचाच पेटा होता. त्याच्या दक्षिण टोकास करंजा बंदर असून समोर रेवस व मध्ये धरमतर खाडीचे मुख आहे. करंजा हे मुख्यतः मासेमारीचे गाव. तथापि तेथून खाडीची जी शाखा आत शिरते, तिच्या दोन्ही काठांवर आवरे, गोवठणे, पुनाडे, वशेणी, केळवणे अशा गावांची भातशेती पसरलेली आहे. ही जमीन मुळात समुद्राची. मातीचा बांध घालून ती समुद्रापासून सोडवून घेतलेली आहे, आणि बांध टिकेल तोवरच ती शेतकऱ्याची राहते.

बदलत्या हवामानास तोंड देण्यासाठी शासन शेतीस निरनिराळी अनुदाने देते. त्यांची माहिती गावोगाव पोचविणे हे विस्तार कार्यकर्त्यांचे काम होय. परंतु खारपट्टीत हे काम करताना एक भेद प्रथम ध्यानी घ्यावयास पाहिजे. शेततळे, ठिबक संच, अवजारे यांचे अनुदान एकट्या खातेदारास मिळते. बांध मात्र साऱ्या गावाचा असतो. बांध फुटला तर त्याच्या आड केलेली सर्व सुधारणा खाऱ्या पाण्याखाली जाते. म्हणून खारपट्टीत अनुदानाची पहिली विचारणा बांधासाठी व्हावी.

समुद्राच्या पाण्यात दर लिटरास सुमारे 35 ग्रॅम मीठ असते. उधाणाचे पाणी शेतात शिरून साचले की हे मीठ मातीत उतरते, उन्हाळ्यात वर येते आणि पांढऱ्या थराच्या रूपाने दिसू लागते. त्यावर कोकणात स्वस्त व खात्रीचे औषध एकच, ते म्हणजे पावसाचे पाणी. या भागात वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तो खाचरात साठवून, क्षार विरघळवून, निचऱ्यावाटे खाडीत सोडला म्हणजे जमीन हळूहळू गोडी धरते. मात्र एकीकडे पाऊस मीठ धूत असता दुसरीकडे खांडीतून भरती आत येत असेल, तर हा सर्व खटाटोप फुकट जातो.

निचऱ्याचे काम उघाडी करते. उघाडीचे दार भरतीच्या दाबाने आपोआप मिटते व ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. इतके सोपे साधन असूनही सर्वाधिक हेळसांड तिचीच होते. दाराच्या फळ्या कुजतात, फटीत दगड अडकतो. कधी मासे व कोळंबी आत यावी म्हणून दार मुद्दाम उचलून ठेवले जाते. रात्रीच्या एका भरतीत मिळालेल्या पाटीभर मासळीपायी शेजाऱ्याचे भात जाते, हे गावसभेत उघडपणे बोलले गेले पाहिजे.

बांधास खांड पडते ती बहुधा लहानशा छिद्रापासून. खेकड्याच्या बिळातून पाणी झिरपू लागते, माती वाहून जाते आणि उधाणाच्या लाटेने तेवढा भाग खचतो. त्यानंतर दिवसातून दोन वेळा भरती आत व ओहोटी बाहेर जात असल्याने खांड रुंद व खोल होत जाते. ती बुजविण्यास योग्य वेळ म्हणजे भांग. अष्टमीच्या आगेमागे भरतीचा जोर कमी असतो, तेवढ्या चार दिवसांत काम आटोपावे लागते. पुढे अमावास्येस वा पौर्णिमेस पुन्हा उधाण येते. शासकीय अंदाजपत्रक, मंजुरी व निविदा या चार दिवसांत होणे शक्य नाही. म्हणून पहिला भांग गावाने स्वतः साधावा. अलिबाग तालुक्यातील शहापूर-धेरंड भागात यासाठी 'जोळ' नावाची जुनी रीत होती. बांध फुटला की घरटी माणसे जमून तो बांधून काढीत.

पहिला भांग चुकला, पुढचेही चुकले, तर अडचण निराळ्याच स्वरूपात उभी राहते. खारे पाणी येजा करू लागलेल्या शेतात तिवराचे बी रुजते आणि थोड्याच वर्षांत तेथे कांदळवन उभे राहते. मुंबई उच्च न्यायालयाने 17 सप्टेंबर 2018 च्या निकालाने कांदळवनाचा नाश करण्यास मनाई केली असून त्याभोवतीच्या 50 मीटर पट्ट्यासही संरक्षण दिले आहे. मग सातबारावर नाव असूनही खातेदारास ती तिवरे तोडता येत नाहीत, आणि अनुदान मंजूर झाले तरी बांधाचे काम अडून राहते. निकालाविषयी कुरकुर करण्यात अर्थ नाही. बांधाबाहेरची तिवरे लाटांचा मारा अंगावर घेतात, ती राखलीच पाहिजेत. ती बांधाच्या आत रुजू नयेत एवढी दक्षता मात्र वेळेवर घ्यावी.

1948 च्या मुंबई खार जमीन कायद्याने या कामास प्रथम शासकीय आधार मिळाला. पुढे 1979 चा महाराष्ट्र खार जमीन विकास कायदा आला. आज ही कामे जलसंपदा विभागाकडे असून रायगड जिल्ह्यासाठी पेण येथे खारभूमी विकास विभागाचे कार्यालय आहे. खारयोजना शासकीय व खाजगी अशा दोन प्रकारच्या असतात. आपल्या गावचा बांध कोणत्या प्रकारात मोडतो, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्याने (पूर्वीच्या ग्रामसेवकाने) प्रथम लेखी विचारून घ्यावे. खाजगी बांध शासकीय योजनेत घेतला जावा, यासाठी ग्रामसभेचा ठराव, क्षेत्राचा नकाशा, खातेदारांची यादी आणि खांडीची तारखेसह छायाचित्रे जोडून मागणी करावी. तोंडी तक्रार कितीही वेळा केली तरी तिची फाइल होत नाही.

ही घाई का करावयाची, याचे उत्तर समुद्राने दिलेच आहे. जगातील समुद्राची सरासरी पातळी 1901 ते 2018 या काळात सुमारे 20 सेंटिमीटरने वाढली. 2006 ते 2018 या वर्षांत ती वाढ वर्षाला 3.7 मिलिमीटर एवढी होती. आजोबांनी ठरविलेली बांधाची उंची नातवास पुरेलच असे नाही. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा पौर्णिमा अवघ्या दोन दिवसांवर होती.

हवामान अनुकूल शेतीसाठी 2018 मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाचे नाव खारपट्टीतही ऐकू येते. त्याच्या पहिल्या टप्प्यातील 5,142 गावांत पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्याची 932 गावे होती. पण तो टप्पा मुख्यतः मराठवाडा, विदर्भ व जळगाव यांसाठी होता. नामसाधर्म्यामुळे गल्लत होऊ नये. तेथील खारेपणा काळ्या जमिनीतला व भूजलातला आहे, येथील समुद्रातून आलेला.

बांध शाबूत असेल तेथे मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेचा विचार करावा. तीत शेततळ्यास कमाल 75,000 रुपये अनुदान ठेवलेले आहे. ठिबक संचास केंद्र व राज्य मिळून अल्प व अत्यल्प भूधारकांस 80 टक्के, इतरांस 75 टक्के साहाय्य मिळते. चालू वर्षाचे दर व अटी सहायक कृषी अधिकाऱ्याकडून समजून घ्याव्यात. अर्ज महाडीबीटीवर करावयाचा असून शेतकरी ओळख क्रमांक लागतो. पूर्वसंमती मिळण्याआधी काम सुरू करू नये. खारपट्टीत शेततळे खोल खणू नये, कारण खाली खारे पाणी लागते. उथळ ठेवून प्लास्टिकचे अस्तर द्यावे आणि पावसाळ्यातील गोडे पाणी भाजीपाल्यासाठी राखावे.

भातासाठी पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल-1, पनवेल-2 व पनवेल-3 हे क्षार सोसणारे वाण दिलेले आहेत. बियाण्याची मागणी उन्हाळ्यातच नोंदवावी आणि त्याच फेरीत उघाडीचे दार व बांधावरील बिळे पाहून घ्यावीत. ही पाहणी जूनच्या पहिल्या उधाणापूर्वीच्या भांगात संपली पाहिजे.