दहा बोटं, १०२४ खाने

रक्ताने माखलेला शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत भरायचा नाही. न्यायसहायक विज्ञान शिकायला आलेल्या मुलामुलींना हा नियम अगदी सुरुवातीलाच भेटतो आणि बहुतेकांचा हिरमोड करतो. मालिकेतला इन्स्पेक्टर पारदर्शक पिशवी कशी ऐटीत उजेडात धरतो! पण ओला कपडा प्लॅस्टिकमध्ये कोंडला की आत दमटपणा साचतो, जंतू आणि बुरशी माजतात आणि रक्तातल्या डीएनएचे तुकडे पाडत सुटतात. म्हणून कपडा आधी सावलीत, हवेशीर जागी वाळवायचा. मग कागदी पाकीट, लाखेचं सील आणि पंचांच्या सह्यांचं लेबल.

हा नियम अंगवळणी पडतो न पडतो तोच त्याच्या बरोबर उलटा नियम समोर येतो. जाळपोळीचा संशय असेल तर जळक्या चिंध्या कागदात ठेवायच्या नाहीत, त्यांना हवाबंद डबाच हवा. तिथला पुरावा म्हणजे पेट्रोल-रॉकेलची वाफ, आणि ती कागदातून कधीच उडून जाते. दारूच्या तपासणीसाठी घेतलेल्या रक्तात सोडियम फ्लोराइड टाकतात, कारण ते टाकलं नाही तर जंतू नळीतल्या नळीतच रक्तातली साखर आंबवून मद्य तयार करू शकतात. ज्याने आयुष्यात थेंब घेतला नाही, तो कागदोपत्री पिऊन मेलेला ठरायचा! पाकीट, डबा, चिमूटभर पांढरी पूड यांमागे इतकं रसायनशास्त्र दडलेलं असतं, आणि ते नवशिक्याच्या हाती सोपवलेलं असतं. प्रयोगशाळेतली महागडी यंत्रं नंतर येतात. मुद्देमाल आधीच बिघडला असेल तर ती यंत्रंही काही करू शकत नाहीत.

मग ब्रश हातात येतो. काचेवर उमटलेला ठसा म्हणजे घाम आणि तेलकटपणा यांचा डोळ्यांना न दिसणारा थर. त्यावर पूड इतक्या हलक्या हाताने फिरवायची की केसांची टोकं जेमतेम टेकावीत. जोर दिला की ठसा पुसलाच. कागदावर बहुधा ही युक्ती चालत नाही, कारण घाम आत मुरतो. तिथे निनहायड्रिन लावतात. घामातल्या अमिनो आम्लांशी त्याची गाठ पडली की कोऱ्या कागदावर हळूहळू जांभळ्या रेषा उमलू लागतात. हे रसायन सापडलं १९१० साली, पण त्याने ठसे दिसू शकतात हे कुणाच्या ध्यानात यायला १९५४ उजाडलं. प्लॅस्टिकसाठी तर चक्क झटपट चिकटवणारा गोंद! बंद पेटीत तो तापवला की त्याची वाफ ठशाच्या रेषांवर घट्ट होऊन बसते आणि पांढरी नक्षी दिसू लागते.

पण मला स्वतःला सगळ्यात भुरळ घालते ती याच्या आधीची गोष्ट. बोटांवरच्या या रेषा आईच्या पोटात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच तयार होतात आणि वरवरची जखम भरून आली की होत्या तशाच पुन्हा उगवतात. ठसे गोळा करणं सोपं होतं. हजारो माणसांच्या ढिगातून नेमका एक कागद शोधायचा कसा, हा खरा पेच होता. तो सुटला कलकत्त्यात. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस हे दोघे पोलीस खात्यातले भारतीय कर्मचारी. त्यांनी गणित लढवलं, पद्धतीला नाव मात्र मिळालं त्यांचे साहेब एडवर्ड हेन्री यांचं.

युक्ती ऐकायला साधी आहे. दहा बोटांच्या पाच जोड्या करायच्या. पहिल्या जोडीतल्या बोटावर चक्र (गोल फिरणाऱ्या रेषांची नक्षी) असेल तर १६ गुण, पुढच्या जोडीत ८, मग ४, २ आणि १. चक्र नसेल तर शून्य. प्रत्येक जोडीतलं एक बोट अंशात, दुसरं छेदात. बेरजेत दोन्हीकडे एकेक मिळवायचा. अंशाच्या ३२ शक्यता, छेदाच्या ३२, म्हणजे एकूण १०२४ खाने. कपाटातला नेमका कप्पा सांगणारा पत्ताच जणू माणूस हातावर घेऊन फिरतो! संगणक यायला अजून काही दशकं बाकी असताना या माणसांनी दहा बोटांवर ‘आहे-नाही’चं गणित मांडलं. १८९७ मध्ये कलकत्त्याला अंगुलीमुद्रा केंद्र उघडलं ते याच जोरावर.

पुढच्याच वर्षी जलपैगुडीच्या एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. त्याच्या सामानातल्या बंगाली पंचांगावर रक्ताळलेला अंगठा उमटला होता आणि तो एका जुन्या नोकराच्या नोंदीशी जुळला. न्यायालयाने त्याला चोरीसाठी शिक्षा दिली, खुनातून मात्र सोडलं. अंगठा तो तिथे होता एवढंच सांगत होता, मारलं कुणी हे नाही. निकाल काहींना बुळचट वाटेल, मला तो फार समंजस वाटतो.

कारण डोळाही फसतो. २००४ मध्ये माद्रिदच्या रेल्वे बॉम्बस्फोटानंतर सापडलेल्या एका ठशाबद्दल अमेरिकेच्या एफबीआयच्या अनुभवी तज्ज्ञांनी अमेरिकेतल्याच एका वकिलाचं नाव खात्रीने सांगितलं. त्याला अटकही झाली. स्पॅनिश पोलिसांनी तोच ठसा एका अल्जीरियन माणसाचा असल्याचं दाखवून दिलं आणि एफबीआयला माफी मागावी लागली. पहिल्या तज्ज्ञाचं मत कळल्यावर दुसऱ्यालाही तेच दिसू लागतं. त्यामुळे पहिल्याचं उत्तर झाकून ठेवून दुसऱ्याने स्वतंत्रपणे तपासावं, हा धडा आता ब्रशइतकाच महत्त्वाचा मानला जातो.

महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगर, मुंबई आणि नागपूर इथल्या शासकीय संस्थांमध्ये हे विज्ञान शिकता येतं आणि पुढे न्यायसहायक प्रयोगशाळांत प्रयोगशाळा सहायक किंवा वैज्ञानिक सहायक म्हणून उमेदवारी सुरू होते. आता कामही वाढणार आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार, सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आहेत. त्यासाठी यंत्रणा उभी करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. तेवढ्या अवधीत गावोगावच्या घटनास्थळी पोहोचतील इतके हात तयार करायचे आहेत, आणि त्यातला प्रत्येक हात कधीतरी साक्षीच्या पिंजऱ्यातही उभा राहणार आहे. तिथे बचावाचा वकील निनहायड्रिनबद्दल क्वचितच विचारतो. मुद्देमाल मिळाला तेव्हा सील शाबूत होतं का आणि सीलवरचा मोहोरेचा ठसा नमुना मोहोरेशी जुळत होता का, हे मात्र तो हमखास विचारतो.