आधी रिकामी, मग गार

मागच्या मे महिन्यात आईला घेऊन आम्ही बेळगावहून म्हापशाला ताईकडे निघालो. आईचं वय ७८, त्यात दमा. म्हणून आदल्याच दिवशी गाडीच्या एसीचा फुटका पाइप बदलून गॅस भरून घेतला होता. काम दहा मिनिटांत झालं. मीही खूश!

चोर्ला घाटापर्यंत हवा छान गार होती. उतारावर मात्र ती एकाएकी गरम झाली. एसी थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा गार, मग पुन्हा गरम. काचा उघडल्या तर धूळ आत येई. आईला धाप लागली. इन्हेलर जवळ होता म्हणून निभावलं.

परत आल्यावर दुसऱ्या मिस्त्रींकडे गेलो. सगळी हकीकत ऐकून ते म्हणाले, "पाइप उघडला तेव्हा आत हवा शिरली, हवेबरोबर दमटपणा. ते न काढताच गॅस भरलाय. त्या पाण्याचा एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक तोंडाशी बर्फ होतो आणि गॅसची वाट अडते. बंद केला की बर्फ वितळतो." हेच पाणी राहिलं तर आत आम्ल तयार होऊन कॉम्प्रेसरही खराब होतो म्हणे.

त्यांनी जुना गॅस हवेत न सोडता यंत्राने काढून घेतला, ओलावा शोषणारा ड्रायर बदलला आणि व्हॅक्यूम पंप लावला. हवेचा दाब नाहीसा झाला की पाणी साध्या उष्णतेतही उकळतं, वाफ होतं आणि पंप ती ओढून घेतो. त्याला वेळ लागतो. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. मी घड्याळ बघत होतो.

गेजचा काटा २७ इंचांवर थांबला. मी कुठेतरी २९ वाचलं होतं. जरा आवाज चढवूनच म्हणालो, "इथेही अर्धवटच काम का?"

मिस्त्री हसले. "काका, २९ समुद्राकाठी. आपलं बेळगाव अडीच हजार फुटांवर. हजार फुटांना साधारण एक इंच कमी होतो. इथे २७ म्हणजे जवळजवळ पूर्ण." मी ओशाळलो.

मग पंप बंद करून त्यांनी वीस मिनिटं काट्यावर नजर ठेवली. काटा वर सरकला असता तर कुठेतरी गळती किंवा ओलावा शिल्लक आहे असं समजायचं. तो जागचा हलला नाही. त्यानंतरच बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून भरला.

तेव्हा वाचकहो, एसीचा पाइप किंवा कुठलाही भाग उघडला असेल, तर गॅस भरण्याआधी एवढंच विचारा : व्हॅक्यूम किती वेळ करणार? "त्याची काय गरज?" असं उत्तर आलं, तर गाडी वळवा.

गेल्या दिवाळीत आईला पुन्हा म्हापशाला नेलं. घाट उतरताना ती म्हणाली, "जरा कमी कर रे, थंडी वाजतेय!"