समुद्रावर जाताना सोनं कुठे ठेवायचं?

मुंबईहून गोव्याला आणि लक्षद्वीपला जाणारी प्रवासी जहाजं आता वाशिम जिल्ह्यातल्या लोकांच्याही बोलण्यात येऊ लागली आहेत. २०२१ च्या सप्टेंबरात कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ जहाज मुंबईहून सुरू झालं आणि आयआरसीटीसीनेही त्याची तिकिटं विकायला घेतली. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. तेव्हापासून जिल्ह्यातल्या शेलूबाजारचा माणूस पहाटे घर सोडून दुपारपर्यंत मुंबईच्या वेशीवर पोचू शकतो. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, मुलाची नोकरी, निवृत्तीचा पैसा, काहीतरी निमित्त होतं आणि तिकिटं निघतात. मग निघायच्या आदल्या दिवशी कपाट उघडून बाई उभी राहते आणि विचारते, ‘दागिन्यांचं काय करायचं?’

पूर्वी या प्रश्नावर फार खल होत नसे. २०२५ च्या एप्रिलमध्ये दहा ग्रॅम सोन्याचा भाव पहिल्यांदा एक लाखाला भिडला आणि सगळंच बदललं. आईने घातलेल्या चार पाटल्या, सासरचा राणीहार, कानातले झुबे, एवढं घेऊन निघालेली बाई आज चांगल्या गाडीची किंमत अंगावर बाळगून चालत असते. माझं मत सुरुवातीलाच सांगते. मोठे दागिने जहाजावर नेऊ नयेत. पण नुसतं ‘नेऊ नका’ म्हणून भागत नाही, कारण खरा पेच जहाजावर नसतोच. तो मागे बंद राहणाऱ्या घरात असतो.

गावात कुणाच्या घराला चार दिवस कुलूप लागणार आहे, हे कुलूप लागायच्या आधीच सगळ्यांना ठाऊक असतं. दूधवाल्याला, पेपरवाल्याला, कामवाल्या मावशींना सांगावंच लागतं. घराघरांत गव्हाची कोठी, पिठाचा डबा, देव्हाऱ्यामागचा कोनाडा, जुन्या लुगड्यांची घडी या जागा ठरलेल्या असतात, आणि आपल्याला त्या सुचतात तशा चोरालाही सुचतात. म्हणून बायका म्हणतात, ‘घरात ठेवण्यापरीस अंगावर असलेलं बरं.’ ही समजूत भाबडी नाही. तिच्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे.

तो अनुभव पाहायला आपल्याला लांब जायची गरज नाही. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे बंजारा समाजाचं मोठं तीर्थ आपल्याच जिल्ह्यात आहे. ५ ऑक्टोबर २०२४ ला तिथे बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घालणारा हा समाज. लदेणीवर निघालेल्या तांड्याला घर नव्हतं, तिजोरी नव्हती, पेढी नव्हती. कमाई चांदीत घालायची आणि चांदी बाईच्या अंगावर ठेवायची, हीच त्यांची बँक होती. गळ्यात हांसली, केसांत घुगरी आणि टोपली, नाकात भुरिया, दंडभर बलिया. पण त्या बाईच्या मागेपुढे तिचा सगळा तांडा चालत असे. दागिना अंगावर सुरक्षित होता तो या सोबतीमुळे. आपण मात्र चार माणसं, अनोळखी गर्दीत, अनोळखी शहरात जाणार असतो. सवय तेव्हाची उरली आहे आणि तांडा उरलेला नाही.

आता प्रवासाकडे पाहू. समुद्रावर काय होईल याची काळजी सगळे करतात, पण धोका जास्त असतो तो जमिनीवरच्या वाटेत. ढाब्यावर गाडी थांबते, सगळे एकदम उतरतात, पर्स सीटवर राहते. मुंबईत आदल्या रात्री नातेवाइकांकडे किंवा लॉजवर मुक्काम होतो. बंदरावर पोचल्यावर सामान, आधार कार्डं, मुलं, तिकिटांची छापील पानं या सगळ्यात लक्ष दहा ठिकाणी वाटलेलं असतं. वाशिम किंवा अकोल्याहून रेल्वेने जाणाऱ्यांनी तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. बुक न करता जवळ बाळगलेल्या सामानाची जबाबदारी रेल्वे घेत नाही, तिच्या हलगर्जीमुळेच नुकसान झालं हे सिद्ध केल्याशिवाय. २००५ साली काशी विश्वनाथ एक्स्प्रेसमध्ये एका व्यापाऱ्याच्या कमरेच्या पट्ट्यातले एक लाख रुपये चोरीला गेले. ग्राहक मंचांनी त्याच्या बाजूने निकाल दिले होते, पण जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवले. प्रवासी स्वतःच्या वस्तू सांभाळू शकला नाही तर तो रेल्वेच्या सेवेतला दोष ठरत नाही, असं न्यायालयाने सांगितलं.

जहाज त्यामानाने बंदिस्त जागा. चढताना प्रत्येकाचा फोटो निघतो, सामान यंत्रातून तपासलं जातं, जाण्या-येण्याची नोंद कार्डावर होते. तरीही जहाजाची स्वतःची एक रीत आहे आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला ती माहीत नसते. बंदरावर मोठ्या बॅगा आपल्याकडून काढून घेतात, त्यांना खोलीच्या क्रमांकाची चिठ्ठी बांधतात आणि त्या कित्येकदा काही तासांनी आपल्या दारासमोर येऊन पडतात. परतीच्या वेळी बऱ्याच जहाजांवर शेवटच्या रात्री बॅगा खोलीबाहेर बोळात ठेवायला सांगतात, त्या सकाळी बंदरावर मिळतात. म्हणजे बॅग रात्रभर उघड्या बोळात आणि अनेकांच्या हातांतून. दागिन्याची डबी या बॅगेत कधीही घालू नये. ती खांद्यावरच्या छोट्या पिशवीतच हवी, आणि ती पिशवी कुणाच्या खांद्यावर राहणार हे घरातून निघतानाच ठरवावं. ‘मला वाटलं तुमच्याकडे आहे’ या एका वाक्यात किती सोनं हरवलं असेल!

खोलीत कपाटाच्या आत एक छोटी तिजोरी असते. आपणच आकडे दाबायचे, दार बंद करायचं, तेच आकडे दाबून उघडायचं. आत पाकीट, पासपोर्ट, एखादी डबी एवढं मावतं, राणीहाराची लांब पेटी नाही. लोक आकडे विसरतात, म्हणून ती उघडायची सोय जहाजाच्या कर्मचाऱ्यांकडेही असते. त्यात काही लपवाछपवी नाही, हॉटेलातही तसंच असतं. सहज हात मारणाऱ्यापासून ती तिजोरी वाचवते, त्यापुढे तिच्याकडून अपेक्षा ठेवू नये. बाथरूमच्या बेसिनजवळ अंगठी काढून ठेवणं, उशीखाली कानातले ठेवून झोपणं, बाल्कनीतल्या टेबलावर चेन काढून वाऱ्याला बसणं, यात जास्त वस्तू जातात. तिथे चोर लागतच नाही.

आणि गेलंच तर भरपाई कोण देणार? प्रवासी जहाजांच्या जबाबदारीबद्दल १९७४ चा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, अथेन्स करार. त्याच्या पाचव्या कलमात स्पष्ट लिहिलंय की रोख पैसे, सोनं, चांदीच्या वस्तू, दागिने हरवले तर जहाज कंपनी जबाबदार नाही. अपवाद एकच, ती वस्तू सुरक्षित ठेवण्यासाठी म्हणून कंपनीच्या ताब्यात दिलेली असली पाहिजे. कंपन्यांच्या तिकिटावरच्या अटीही साधारण याच वळणाच्या असतात, आणि खोलीतल्या तिजोरीत ठेवलं म्हणजे कंपनीच्या ताब्यात दिलं असं बहुतेक ठिकाणी धरत नाहीत. न्यायचंच असेल तर स्वागतकक्षात विचारावं की तुमच्या मुख्य तिजोरीत ठेवून घ्याल का, पावती द्याल का आणि जबाबदारी किती रकमेपर्यंत. पावती नसेल तर ते ठेवणं कागदावर शून्य.

कागद हातात असूनही काय होतं, याचा दाखला १९१२ च्या टायटॅनिकचा. शार्लट कार्डेझा नावाच्या श्रीमंत अमेरिकन प्रवासिनीने कपडे-दागिन्यांची चौदा पानी यादी देऊन पावणेदोन लाख डॉलरहून अधिक रकमेचा दावा लावला होता. सगळ्या दावेदारांचे मिळून सुमारे एक कोटी साठ लाख डॉलरचे दावे होते. शेवटी तडजोड झाली ती सुमारे ६ लाख ६४ हजार डॉलरवर, सगळ्यांना मिळून.

मग अंगावर काय ठेवावं? मंगळसूत्र काढून ठेवा असं मी कुणाला सांगणार नाही. आपल्याकडे रिकाम्या गळ्याने घराबाहेर पडायला कितीतरी बायकांचा जीव धजत नाही, आणि त्या भावनेचा मान राखायलाच हवा. पण लांब, पदराबाहेर रुळणाऱ्या मंगळसूत्राऐवजी काळ्या मण्यांची आखूड गरसोळी, दोन लहान वाट्यांची, घालता येते. कानात साधे टॉप्स, पायात जोडवी. एवढ्यात बाई सवाष्णही दिसते आणि निवांतही फिरते. जहाजावर एखाद्या संध्याकाळी नटायचं असतं, गाणं-बजावणं असतं, फोटो असतात. त्यासाठी बेन्टेक्सचा किंवा एक ग्रॅमचा एखादा सेट पुरतो. मात्र तो घालून रात्री मुंबईच्या रस्त्यावर चालू नये, कारण गळ्याला हिसका देणाऱ्याला लांबून खरं-खोटं कळत नाही. दागिना खोटा निघाला तरी मानेवरचा वळ खराच असतो.

मोत्याची नथ तर घरीच राहू द्या. मोती नाजूक असतो, घाम, अत्तर, उन्हासाठी लावायचं क्रीम यांनी त्याची झळाळी जाते, आणि तरणतलावातल्या क्लोरीनचं पाणी त्याला अजिबात मानवत नाही. सोन्याला समुद्राच्या पाण्याने फारसं काही होत नाही, पण बावीस कॅरेटच्या दागिन्यात ९१.६ टक्के सोनं आणि बाकी तांबं-चांदी असते. क्लोरीन त्या मिश्रणावर आणि जिथे डाग दिलेला असतो त्या सांध्यांवर काम करतं. वर्षानुवर्षं वापरलेली चेन नेमकी अशा झिजलेल्या सांध्यात तुटते. गार पाण्यात बोटंही आकसतात, त्यात क्रीमचा बुळबुळीतपणा, अंगठी कधी निसटली ते कळत नाही. पाण्यात उतरण्याआधी अंगठी काढायची, आणि काढली की हातात न ठेवता थेट ठरलेल्या पिशवीत टाकायची.

बाकीचं सोनं बँकेच्या लॉकरमध्ये. गावातल्या शाखेत लॉकर रिकामा नसेल तर मंगरूळपीर, कारंजा, वाशिम इथे चौकशी करावी, आणि ती तिकिटं काढायच्या आधी. निघायच्या आठवड्यात लॉकर मिळेलच असं नाही. लॉकरबद्दलही एक गैरसमज आहे, की आत ठेवलं म्हणजे बँक सगळं भरून देईल. रिझर्व्ह बँकेचे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेले नियम सांगतात की आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्यांची लबाडी यामुळे नुकसान झालं तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत. भाडं दोन हजार असेल तर दोन लाख. आजच्या भावात त्यात दोन तोळेही धड येत नाहीत. म्हणून ज्यांच्याकडे बऱ्यापैकी सोनं आहे त्यांनी घरविम्यात दागिन्यांची यादी आणि किंमत स्वतंत्र लिहून घ्यावी, आणि घराबाहेर, अंगावर असतानाही संरक्षण आहे का हे विमा एजंटाकडून लेखी घ्यावं. प्रवास विम्यावर विसंबू नये, त्यात दागिने बहुतेक वेळा वगळलेले असतात.

निघण्याआधी अर्धा तास काढून प्रत्येक दागिन्याचा फोटो घ्यावा, पुढून आणि मागून. १ एप्रिल २०२३ पासून विकल्या जाणाऱ्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असतो. भिंगाखाली तो दिसतो, तो वहीत उतरवावा, सोबत वजन आणि पावतीचा फोटो. आजीच्या काळातल्या बोरमाळेवर, पुतळ्यांच्या माळेवर असलं काही नसतं. त्यांच्यासाठी सोनाराकडून वजन करून चिठ्ठी घ्यावी. पोलिसांसमोर ‘मोठी सोन्याची माळ होती’ एवढंच सांगणारा माणूस हतबल होतो.

सिंगापूर, दुबईकडच्या क्रूझला जाणाऱ्यांसाठी आणखी एक पायरी आहे. भारतातून जाताना विमानतळावर सीमाशुल्क खात्याकडून दागिन्यांचं निर्यात प्रमाणपत्र घेता येतं. परतताना आपण नेलेलंच आणतो आहोत, हे दाखवायला तो कागद उपयोगी पडतो. बाईला ४० ग्रॅम, पुरुषाला २० ग्रॅम ही सवलत सगळे ऐकून असतात, पण ती वर्षाहून जास्त काळ परदेशात राहिलेल्यांसाठी आहे. आठवड्याच्या सहलीत तिथून नवं सोनं घेऊन येणाऱ्याला ती लागू होत नाही.

जहाजावर काही गेलंच तर संकोच करत बसू नये. उतरायच्या आधी जहाजाच्या सुरक्षा अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी आणि तिची प्रत घ्यावी. एकदा उतरलं की खोली साफ होते, दुसरे प्रवासी येतात. मुंबई बंदराच्या हद्दीतल्या गुन्ह्यांसाठी यलो गेट पोलीस ठाणं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत हद्दीचा प्रश्न न काढता कुठल्याही ठाण्यात ‘झिरो एफआयआर’ नोंदवायची सोय कायद्यानेच दिली आहे. मंगरूळपीरला परत येऊन तक्रार दिली तरी ती घ्यावी लागते, पण तोवर माग थंडावलेला असतो.

लॉकरमध्ये सोनं ठेवताना परतीची तारीखही बघून ठेवा. समृद्धीवरून शनिवारी रात्री उशिरा शेलूबाजारला उतरलात आणि रविवारी भाच्याचं लग्न असेल तर बँक उघडी नसते, त्यात महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवारही सुट्टीचा. अशा वेळी लग्नात घालायचा तेवढा एक दागिना भरवशाच्या बहिणीकडे किंवा नणंदेकडे आधीच देऊन ठेवावा, वजनाची चिठ्ठी सोबत जोडून.