तुरीच्या दप्तराची रुजुवात

विदर्भात किंवा मराठवाड्यात मार्गशीर्षाच्या सुमारास कापसाच्या ओळींमधली तूर पुरुषभर उंच होऊन पिवळ्या फुलांनी आणि कोवळ्या शेंगांनी भरून आलेली असते, आणि अशा ऐन भरात त्या हिरव्या ओळीतले एखादे झाड, मग त्याच्या शेजारचे, मग चार हातांवरचे तिसरे, जमिनीत ओल असूनही मान टाकलेले दिसते. ज्या शेतकऱ्याने हे पूर्वी पाहिलेले असते तो आभाळाकडे किंवा विहिरीकडे न पाहता सरळ विळ्याने त्या झाडाचे खोड उभे चिरतो. साल बाजूला सरली की आतल्या पांढऱ्या लाकडात काळपट तपकिरी रेषा बुंध्यापासून वर चढत गेलेल्या दिसतात. हा मर रोग. फ्युझेरियम नावाची बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे दबा धरून बसते, मुळांवाटे आत शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नलिकाच बुजवून टाकते. मग ओल्या मातीत उभे असलेले झाड तहानेने मरते. पुसा येथील सरकारी बुरशीतज्ज्ञ बटलर यांनी १९१० साली या बुरशीचे शास्त्रीय वर्णन केले, म्हणजे शत्रूचे नाव कागदोपत्री दाखल होऊन शंभरांवर वर्षे लोटली.

परंतु याच मातीत कधी कधी एखादे झाड असे निघते, की आजूबाजूच्या मरणाची झळही त्याला लागत नाही. अशा झाडाचे बी वेगळे बांधून ठेवण्याची जुन्या शेतकऱ्यांची रीत होती, आणि कृषी संशोधकांनीही मोठ्या प्रमाणावर तेच केले: रोगट जमीन मुद्दाम राखायची, तीत शेकडो वाण पेरायचे, जे तगतील तेवढेच पुढे न्यायचे. मर आणि वांझ या दोन्ही रोगांना दाद न देणारा ‘आशा’ हा वाण अशाच धिम्या निवडीतून सिद्ध झाला. झाड तगले हे डोळ्यांना दिसते. ते कशामुळे तगले, ती प्रतिकारशक्ती त्याच्या अंगी नेमकी कोठे नोंदलेली आहे आणि ती नोंद दुसऱ्या वाणात कशी उतरवून घ्यावी, या प्रश्नांचे उत्तर मात्र खोड चिरून मिळत नाही. ते पेशीच्या आतल्या दप्तरात शोधावे लागते.

तुरीच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या अकरा जोड्या असतात. गुणसूत्र म्हणजे डीएनएचा एक अतिशय लांब धागा, आणि त्या धाग्यावर ए, टी, जी, सी या चारच रासायनिक अक्षरांची अखंड रांग. जोडीतले एकेक गुणसूत्र घेऊन ही अक्षरे मोजली तर ती सुमारे ८३ कोटी भरतात. या समग्र मजकुराला जीनोम म्हणतात, आणि त्यातील अक्षरांचा क्रम ठरविण्याच्या उद्योगाला जीनोम सिक्वेन्सिंग किंवा क्रमनिर्धारण. करोनाच्या साथीत हा शब्द घरोघरी पोहोचला. पण त्या विषाणूचा सगळा मजकूर अवघ्या तीस हजार अक्षरांचा होता, हे लक्षात घेतले म्हणजे आपल्या रोजच्या वरणातल्या या साध्या दाण्याने अंगात केवढे दप्तर सांभाळले आहे याची कल्पना येईल.

ज्यांनी मोडी कागद हाताळले आहेत त्यांना या मजकुराचे रूप चटकन उमगेल. मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ ओढून घेतो आणि मग शब्दाशब्दांत जागा न सोडता, विरामचिन्हे न देता, एका दमात लिहीत जातो. एक शब्द कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला, हे वाचणाऱ्याने संदर्भाने ओळखायचे असते. डीएनएचा मजकूरही तसाच सलग आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरातले निवडक कागद रियासतकार सरदेसाई यांनी ४५ भागांत छापून काढले, तेव्हा त्यामागे रुमालामागून रुमाल सोडणाऱ्या, वाचणाऱ्या आणि एका कागदाची दुसऱ्याशी रुजुवात घालणाऱ्या माणसांचे जे कष्ट होते, त्याच जातीचे कष्ट जीनोमच्या वाचनात आहेत, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. यंत्र अक्षरे वाचते. पण खरे काम रुजुवातीचे.

वाचनाचा आरंभ एका जवळजवळ घरगुती कृतीने होतो. रोपट्याची कोवळी पाने खुडून खलात घालतात आणि त्यांवर द्रवरूप नायट्रोजन ओततात, जो शून्याखाली १९६ अंश इतका थंड असतो; पाने काचेसारखी ठिसूळ होतात आणि बत्त्याच्या दोनचार फेऱ्यांत त्यांची हिरवी भुकटी पडते. पेशींची आवरणे विरघळविणाऱ्या द्रावणात ही भुकटी गरम करतात, क्लोरोफॉर्मने प्रथिने वेगळी काढतात, आणि वर उरलेल्या नितळ पाण्यात थंडगार अल्कोहोल सोडतात. मग नळी हलकेच कलती करताच पारदर्शक पाण्यात पांढुरके तंतू तरंगू लागतात, कापसाच्या पेळूतून निसटलेल्या धाग्यांसारखे. तो डीएनए. ज्याविषयी एवढे ग्रंथ लिहिले गेले ती वस्तू नुसत्या डोळ्यांनी अशी पाहता येते, याचे नवल मला अजून ओसरलेले नाही.

अक्षरे वाचण्याची पहिली भरवशाची युक्ती फ्रेडरिक सँगर या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये दिली. पेशी आपल्या डीएनएची नक्कल करते तेव्हा जुन्या धाग्यासमोर एकेक जोडीदार अक्षर बसवीत जाते, ए समोर टी आणि जी समोर सी. सँगर यांनी नकलेच्या सामग्रीत थोडी अशी अक्षरे मिसळली, की ज्यांच्यापुढे दुसरे अक्षर जोडताच येत नाही. त्यामुळे ठिकठिकाणी अडलेल्या अपुऱ्या नकला तयार होतात. त्यांना लांबीच्या क्रमाने लावून प्रत्येकीचे शेवटचे अक्षर पाहिले, की मूळ मजकूर आपोआप वाचला जातो. सँगर यांनी जीवाणूंवर जगणाऱ्या एका विषाणूची सुमारे ५,४०० अक्षरे लावली आणि १९८० साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. मानवाच्या तीनशे कोटी अक्षरांचा प्रचंड प्रकल्प १९९० ते २००३ या काळात मुख्यतः याच युक्तीच्या यांत्रिक रूपावर पार पडला. नंतरच्या यंत्रांनी काचेच्या पट्टीवर कोट्यवधी तुकडे चिकटवून, प्रत्येक अक्षर बसताना उजळणाऱ्या रंगाचे छायाचित्र घेऊन, ते सारे तुकडे एकाच वेळी वाचण्याची सोय केली. खर्च कोसळला, वेग वाढला. मात्र एक तुकडा जेमतेम शंभर अक्षरांचा.

आता अडचण पाहा. एखाद्या कचेरीतले सगळे कागद कोणी फाडून त्यांचे शंभर-शंभर अक्षरांचे कपटे केले, आणि एकाच प्रतीचे नव्हे तर त्याच कागदांच्या शेकडो प्रतींचे, प्रत्येक प्रत वेगळ्या ठिकाणी फाडून, तर त्या ढिगातून मूळ कागद कसा उभा करायचा? एका कपट्याचा शेवट आणि दुसऱ्याचा आरंभ जेथे जुळतो तेथे ते एकमेकांवर बसवायचे, त्यांना तिसरा जोडायचा, आणि असा सलग मजकूर वाढवीत न्यायचा. एका प्रतीतली वाचनाची चूक बाकीच्या प्रती दुरुस्त करतात, म्हणून तर इतक्या प्रती हव्यात. पण जुन्या पत्रांत ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री’ हा मायना जसा हजारो ठिकाणी जशाचा तसा येतो, तसे जीनोममध्येही काही मजकूर पुनःपुन्हा येतात. आणि ज्या कपट्यावर केवळ मायनाच आहे तो कोणत्या पत्राचा, हे कितीही हुशार कारकून असला तरी सांगू शकणार नाही. तुरीच्या दप्तरातला निम्म्याच्या आसपास भाग अशा पुनरुक्तींचा आहे. यावर उपाय म्हणून काही हजार अक्षरांचे लांब तुकडे घेऊन त्यांची केवळ दोन टोके वाचतात: मधला मजकूर कळला नाही तरी ही दोन टोके एकाच पत्रातली असून त्यांच्यात साधारण इतके अंतर आहे, एवढी साक्ष हाती लागते. धाग्याचा तुकडा अतिसूक्ष्म छिद्रातून ओढून विद्युत्प्रवाहाच्या चढउतारावरून हजारो अक्षरे सलग वाचणारी यंत्रे अलीकडे आली आहेत, आणि त्यांनी ही मायन्याची अडचण पुष्कळ हलकी केली आहे. तुरीच्या पहिल्या वाचनात मात्र मुख्य भिस्त आखूड कपट्यांवरच होती.

ते पहिले वाचन २०११ साली झाले, आणि एकाच वर्षी दोनदा झाले. दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जैवतंत्रज्ञान संशोधन केंद्रातील नागेंद्र कुमार सिंह यांच्या नेतृत्वाखालील भारतीय चमूने एक मसुदा सिद्ध केला. आणि हैदराबादजवळच्या पटानचेरू येथील इक्रिसॅट संस्थेतील राजीव वार्ष्णेय यांच्या नेतृत्वाखालील आंतरराष्ट्रीय चमूने दुसरा. दोघांनीही वाण निवडला तो ‘आशा’च. पटानचेरूच्या मसुद्यात ८३ कोटींपैकी साठ कोटींहून किंचित अधिक अक्षरे जागेवर बसली आणि ४८,६८० जनुकांचा, म्हणजे पेशीला एकेक काम सांगणाऱ्या उताऱ्यांचा, अंदाज बांधला गेला. दिल्लीच्या मसुद्यातली जनुकांची गणती याच्याशी तंतोतंत जुळली नाही, आणि त्यात कोणाचीही कसूर नव्हती, कारण जनुक म्हणजे मजकुरात ठळक अक्षरांनी छापलेला मथळा नव्हे. सलग रांगेत आरंभाची खूण कोणती, समाप्तीची कोणती, मधले कोणते तुकडे वगळून वाचायचे, हे संगणकाच्या तर्काने आणि सोयाबीनसारख्या भाऊबंद पिकांच्या आधी लागलेल्या मजकुराशी ताडून ठरवावे लागते, आणि तर्क बदलला की गणती बदलते. म्हणूनच मसुदा हा शब्द येथे अगदी योग्य आहे.

तुरीची पाळी २०११ पर्यंत आली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. भाताचे वाचन २००५ मध्ये पूर्ण झाले, मक्याचे २००९ मध्ये, सोयाबीनचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या पिकांमागे मोठा व्यापार उभा आहे त्यांची पाने आधी मांडली गेली. आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या जमिनीला मुळांच्या गाठींतून नत्र देणारे, खोल मुळांनी तळची ओल शोधणारे आणि कोट्यवधी घरांत वरणाच्या रूपाने प्रथिने पोहोचविणारे हे पीक संशोधकांच्या भाषेत ‘अनाथ’ या सदरात मोडत होते. जगात सर्वाधिक तूर भारतातच पिकते आणि भारतातच खपते, तेव्हा तिचे पालकत्व आपणच घ्यायला हवे होते. ते दोन्ही मसुदे भारताच्या भूमीवरून निघाले, म्हणून त्या वर्षाचे मोल मला मोठे वाटते.

एका वाणाचे दप्तर लागले तरी मराचे उत्तर त्या एकट्यात सापडत नाही. ‘आशा’ तगते, हे तिचाच मजकूर कितीदाही वाचून कळणार नाही. जी तगत नाही तिच्या मजकुराशी ताडले तरच फरक दिसतो, आणि असे फरकही लाखांनी निघतात, ज्यांतले बहुतेक निरुपद्रवी असतात. म्हणून पटानचेरूच्या संशोधकांनी रोगाला बळी पडणारा आणि न पडणारा अशा दोन वाणांचा संकर केला, त्यांची संतती रोगट जमिनीत लावली, तगलेल्या झाडांचा डीएनए एकत्र केला, मेलेल्यांचा वेगळा एकत्र केला, आणि दोन्ही ढीग वाचले. संततीत आईबापांचा मजकूर पत्त्यांसारखा पिसला जातो, त्यामुळे प्रतिकाराशी संबंध नसलेले फरक दोन्ही ढिगांत सारखेच विखुरतात. जो फरक एका ढिगात सतत दिसतो आणि दुसऱ्यात सतत दिसत नाही, तो दोषारोपाच्या यादीत राहतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात हजारो जनुकांतून संशय अशा रीतीने मोजक्या जनुकांपर्यंत येऊन ठेपला. संशय म्हणजे शाबिती नव्हे, ती पुढे प्रयोगाने करावी लागते. पण शोधाचे रान चार बांधांत आले.

याचा उपयोग पैदासकाराला कसा होतो ते सांगतो. मध्यम मुदतीच्या तुरीला पेरणीपासून कापणीपर्यंत साधारण सहा महिने लागतात, म्हणून संकराची एक पिढी पाहायला एक वर्ष जाते, आणि झाड मराला तोंड देते की नाही हे ऐन फुलोऱ्यात झाड मेल्यावरच कळते. अक्षरांतली ती खूण हाती असली तर बोटभर रोपाचे एक पान खुडून आधीच निवड करता येते. तुरीच्या फुलावर मधमाश्या येतात आणि शेजारच्या शेतातले पराग आणतात, त्यामुळे बियाणे शुद्ध राखणे फार जिकिरीचे असते. तेथेही हीच खूण भेसळ ओळखते.

फरकांची ही शोधाशोध पुढे फार विस्तारली. २०१७ मध्ये तुरीच्या २९२ नमुन्यांच्या मजकुरांची एकमेकांशी रुजुवात प्रसिद्ध झाली, त्यात सुधारित वाण होते, गावरान वाण होते आणि रानटी जातभाईही होते. पाठभेदांवरून पोथ्यांची वंशावळ लावतात तशी वंशावळ लावता लावता संशोधक तुरीचे माहेर मध्य प्रदेशाच्या परिसरात असावे या निष्कर्षाला आले. दुसरी गोष्ट चिंतेची निघाली: रानटी तुरीत जी विविधता आढळली ती गावरान वाणांत कमी झालेली होती, आणि सुधारित वाणांत त्याहूनही कमी. निवड करताना आपण नको ती पाने टाकत गेलो, आणि त्यांबरोबर काही हवी ती पानेही गेली.

पटानचेरूच्या बियाणे-भांडारात तुरीचे १३ हजारांहून अधिक नमुने थंड खोल्यांत ठेवलेले आहेत. ते २९२ सोडले, तर बाकीच्यांपैकी फारच थोड्यांची अक्षरे आजवर वाचली गेली आहेत. प्रत्येक नमुन्याला एक क्रमांक आहे, आणि नोंदवहीत त्या क्रमांकासमोर, जेथे ते माहीत आहे तेथे, ज्या गावातून ते बी मूठभर मागून आणले त्या गावाचे नाव.