निळ्या रेषेच्या आत

जलसंपदा विभागाच्या नकाशावर नदीकाठी दोन पूररेषा असतात: सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. (एकदा येऊन गेला म्हणजे पुढची २५ वर्षे निर्धास्त, असे मात्र नव्हे.) त्या पाण्याची पोहोच दाखवतात, जमिनीचे मोल नव्हे.

कृष्णाकाठी ते मोल पुरानेच वाढवलेले आहे. गाळाच्या मळीतली वांगी उगाच नावाजलेली नाहीत. नृसिंहवाडीत पाणी दत्तपादुकांना स्पर्शून दक्षिण दारातून वाहू लागले, की दक्षिणद्वार सोहळ्याच्या स्नानाला गर्दी लोटते. धोक्याची आणि पुण्याची जागा एकच!

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. अशा पुरानंतर स्थलांतराचा विषय निघतो आणि हिशेब रेडीरेकनरच्या दराने होतो. त्यापूर्वी गावानेच नकाशावर मळी, घाट, स्मशान, गुरांची वाट यांच्या खुणा कराव्यात. मग घर उंचावर नेऊन रान आणि वहिवाट जागीच राखता येते का, हे तरी दिसेल. खुणा करायला वाटेकरी आणि नावाडीही बसले पाहिजेत. सातबाऱ्यावर त्यांचे नाव नसते.